टीम लीड झालात? टीका ऐकायची तयारी अशी करा

अप्रेझलचा हंगाम संपला की हिंजवडीपासून खराडीपर्यंत आणि चाकणपासून भोसरीपर्यंत कितीतरी जणांच्या हातात बढतीचं पत्र पडतं. कालपर्यंत कोड लिहिणारी मुलगी सहा जणांच्या टीमची लीड होते. कालपर्यंत मशीनवर उभा असणारा ऑपरेटर शिफ्टचा सुपरवायझर होतो. रिपोर्ट कसा भरायचा, रजा कशी मंजूर करायची, टार्गेट कसं वाटून द्यायचं हे कंपनी शिकवते. या खुर्चीत बसल्यावर रोज कुणी ना कुणी आपल्यावर नाराज असणार आहे, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

नव्या लीड आणि सुपरवायझर मंडळींबरोबर काम करताना मला एक गोष्ट सतत दिसते. जे कामात सर्वांत चांगले, त्यांनाच पहिली टीका सर्वांत जास्त लागते. शाळेपासून त्यांना कौतुकाची सवय असते, बढतीही त्या कौतुकातूनच आलेली असते. आणि महिन्याभरात कुणीतरी म्हणतं, ‘तुला माणसं सांभाळता येत नाहीत.’ दिवसभरात मिळालेल्या चार शाबासक्या त्या एका वाक्यापुढे पुसल्या जातात. असं होणं हे कमकुवत मनाचं लक्षण नाही. वाईट अनुभवाचा ठसा चांगल्या अनुभवापेक्षा खोल उमटतो, हे मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवलं होतं.

‘कातडी जाड कर’ हा सल्ला तुम्हाला खूप जण देतील. मला तो पटत नाही. कातडी जाड केलेल्या साहेबाला हळूहळू काहीच ऐकू येईनासं होतं, आणि मग टीम त्याला काही सांगणंही सोडून देते. लागू द्यावं, पण लागल्यावर काय करायचं ते आधी ठरवून ठेवावं.

पहिली पायरी: तोंड उघडण्याआधी

टीका ऐकताच कानशिलं तापतात, छाती धडधडते, घसा कोरडा पडतो. शरीराला तो धोका वाटतो आणि ते लढायच्या नाहीतर पळायच्या तयारीला लागतं. या अवस्थेत दिलेलं उत्तर बहुतेक वेळा नंतर निस्तरावं लागतं. म्हणून पहिलं काम एवढंच, की उत्तर न देणं. श्वास आत घ्यायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा जास्त वेळ घेऊन तो सोडा. असं चार-पाच वेळा केलं की ठोके उतरायला लागतात. समोरच्याला कळतही नाही.

गप्प राहिलं तर घुम्या म्हणतील, ही भीती असते. त्यासाठी दोन वाक्यं तोंडपाठ करून ठेवा. वरिष्ठांसाठी: ‘सर, मुद्दा समजला. मी आकडे बघतो आणि उद्या सकाळी अकराला तुमच्याशी बोलतो.’ टीममधल्या माणसासाठी: ‘तू हे बोललीस ते बरं झालं. मला यावर नीट विचार करायचाय, दुपारी चहाला बसूया.’ दोन्ही वाक्यांत वेळ ठरलेली आहे, हे महत्त्वाचं. ‘बघू नंतर’ म्हटलं की समोरचा त्याचा अर्थ टाळाटाळ असाच घेतो. आणि अकरा म्हटलं की अकराला जायचंच.

मेलचा नियम याहून सोपा आहे. रात्री आलेल्या बोचऱ्या मेलला रात्री उत्तर नाही. अगदीच राहवलं नाही तर नोटपॅडवर लिहा, मेलच्या खिडकीत नको. एका चुकीच्या क्लिकने तो अर्ध्या कंपनीला जाऊ शकतो.

आणखी एक छोटी गोष्ट करता येते. मनात काय चाललंय त्याला नाव द्यायचं. ‘वाईट वाटलं’ एवढ्यावर थांबू नका. अपमान वाटला, की भीती वाटली? ओशाळल्यासारखं झालं, की नुसती चडफड झाली? लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २००७ मध्ये झालेल्या एका प्रयोगात लोकांना रागावलेल्या आणि भेदरलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली होती. त्या भावनेला शब्दांत नाव दिलं, तेव्हा मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मनातल्या मनात ‘मला भीती वाटतेय की हे वरपर्यंत जाईल’ असं म्हणायला पैसे पडत नाहीत.

दुसरी पायरी: वहीत दोन रकाने

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जरा थांबते.

एक साधी वही घ्या. पान उभं दुमडा. डावीकडे समोरचा जे बोलला ते जसंच्या तसं लिहा, त्याच्याच शब्दांत. उजवीकडे आपल्या मनाने त्याला काय जोडलं ते लिहा.

समजा, चाकणच्या एका कारखान्यात पंधरा वर्षं लाइनवर काम केलेले एक काका आहेत. तुम्ही वयाने त्यांच्या मुलाएवढे, आणि आता त्यांचे सुपरवायझर. चहाच्या सुट्टीत चार जणांसमोर ते म्हणतात, ‘साहेब आता केबिनमधूनच लाइन बघतात. गार असतं ना तिथे.’ सगळे हसतात.

डाव्या रकान्यात एवढंच येईल: ‘साहेब केबिनमधून लाइन बघतात.’ उजवीकडे मात्र पान भरतं. हे लोक मला मानत नाहीत. माझ्या बढतीवर जळतात. चार जणांत माझी लायकी काढली. आता ही शिफ्ट माझ्या हातात राहणार नाही.

लिहून झालं की डाव्या रकान्यापाशी परत या आणि स्वतःला विचारा, यात तपासता येईल असं काय आहे? गेल्या आठवड्यात मी शिफ्टच्या सुरुवातीला लाइनवर किती वेळा गेलो? काकांनी टूल बदलायला सांगितलं होतं, ते काम कुठे अडलंय? बहुधा असं निघतं की आठवडाभरात एकदाच गेलात आणि टूलची मागणी स्टोअरमध्ये पडून आहे. म्हणजे काकांचं म्हणणं ‘लाइनवर या, आमचं अडलंय’ एवढंच होतं.

आपल्याकडे तक्रार सरळ येत नाही, टोमण्याचे कपडे घालून येते. पुण्यात तर जरा जास्तच. ‘तुम्हाला काय, तुम्ही मीटिंगला जाता’ म्हणजे मीटिंगमध्ये काय ठरलं ते आम्हाला कुणी सांगत नाही. ‘आमचं काय, आम्ही हमाल’ म्हणजे काम कुणी केलं आणि नाव कुणाचं झालं, ते आम्ही पाहिलंय. ‘तुमच्या मर्जीतली मंडळी बघतील’ म्हणजे रजा आणि चांगली कामं कशी वाटली जातात ते आम्हाला कळत नाही. टोमण्याच्या सुरात अडकलात तर आतली मागणी हातातून निसटते. प्रत्येक टोमण्यात अशी मागणी असतेच असं नाही, काही नुसतेच टोमणे असतात. पण ते तपासल्यावर ठरवायचं.

रकान्यांची ही पद्धत अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारातून आली आहे. १९५५ च्या सुमारास त्याने मांडलेली ही उपचारपद्धती मराठीत विवेकनिष्ठ म्हणून ओळखली जाते. घटना आणि आपली प्रतिक्रिया यांच्यामध्ये आपली एक समजूत उभी असते, आणि त्रास बराचसा त्या समजुतीतून होतो, हा त्याचा गाभा. त्या समजुतीत ‘च’ लपलेला असतो. सगळ्यांनी मला चांगलं म्हटलंच पाहिजे. माझ्या हातून काही राहून जाताच कामा नये. उजव्या रकान्यात असा ‘च’ सापडला की त्या जागी जरा सैल वाक्य लिहा: ‘सगळ्यांनी चांगलं म्हटलं तर मला आवडेल. नाही म्हटलं तरी शिफ्ट चालवता येईल.’ हे वाचून लगेच हलकं वाटेल असं नाही. पण दुसऱ्या दिवशी काकांच्या समोर उभं राहता येतं.

तिसरी पायरी: उदाहरण मागा

‘तुझा अप्रोच बरोबर नाही’, ‘ओनरशिप दिसत नाही’, ‘मॅच्युरिटी हवी’. अशी वाक्यं घेऊन घरी जाऊ नका. ती माणसावर असतात, कामावर नसतात, आणि त्यांचं काहीही करता येत नाही.

अव्रॅहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरच्या अनेक जुन्या अभ्यासांतले सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र केले. सरासरीने फीडबॅकचा फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम उलट बिघडलं होतं. लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की फीडबॅकचा उपयोग कमी होतो, असं त्यांचं म्हणणं. वरिष्ठाला फीडबॅक कसा द्यायचा हे तुम्ही शिकवू शकत नाही. पण त्याचं बोलणं ‘तू’वरून ‘काम’वर आणणं तुमच्या हातात आहे.

‘मॅडम, अलीकडचा एखादा प्रसंग सांगाल का, म्हणजे मला नीट कळेल.’ ‘त्या वेळी मी काय केलं असतं तर तुम्हाला बरोबर वाटलं असतं?’ ‘पुढच्या महिन्यात एकच गोष्ट बदलायची तर कोणती?’ हे तीन प्रश्न पुरतात. आवाजात जिज्ञासा हवी, उलटतपासणी नको. ‘कोण म्हणालं असं?’ हा प्रश्न तर कधीच नको. तो विचारला की समोरच्याला वाटतं, हा आता नाव शोधून हिशेब चुकता करणार.

उदाहरण मागूनही मिळालं नाही, तर? ‘ठीक आहे, पुढे तसा प्रसंग आला की मला त्याच दिवशी सांगा’ असं म्हणून तो विषय वहीत तारखेसह टिपून ठेवा आणि कामाला लागा.

चौथी पायरी: उत्तर

आता उत्तर द्यायचं. टीका खरी असेल तर ते छोटं असावं. ‘बरोबर आहे. रिलीजची तारीख बदलल्याचं मी टेस्टिंगला कळवलं नव्हतं. आजपासून तारीख बदलली की त्याच तासात ग्रुपवर टाकेन.’ पुढे ‘पण त्या दिवशी माझ्याकडे…’ जोडलं की आधीचं सगळं वाया गेलं.

टीका अर्धी खरी असते तेव्हा जास्त कसब लागतं. तांदळातले खडे निवडावेत तसं एकेक वेगळं काढावं लागतं, आणि खरा भाग आधी बोलावा लागतो. समजा क्लायंटकडून किंवा दुसऱ्या विभागाकडून एस्कलेशनचा, म्हणजे थेट वरिष्ठांपर्यंत नेलेल्या तक्रारीचा, मेल आलाय. सीसीमध्ये तुमचे मॅनेजर, त्यांचे मॅनेजर आणि आणखी पाच जण. आरोप दोन: डिलिव्हरी उशिरा आली आणि तुम्ही फोन उचलले नाहीत. पहिला खरा, दुसरा नाही. उत्तर असं होऊ शकतं:

‘डिलिव्हरीला दोन दिवस उशीर झाला हे खरं आहे. कारण आणि सुधारित वेळापत्रक सोबत जोडलं आहे. पुढचा टप्पा शुक्रवारी संध्याकाळी पाचला मिळेल. फोनबद्दल माझ्याकडची नोंद थोडी वेगळी आहे, त्यावर आपण उद्या दहा मिनिटं थेट बोलूया.’

खरं तेवढं सगळ्यांसमोर मान्य केलं, वादाचा मुद्दा सीसीतून बाहेर काढला. मेल पाठवण्याआधी आपल्या मॅनेजरला दोन ओळींत कळवा. त्यांना ती गोष्ट पहिल्यांदा त्या मेलमधून कळता कामा नये.

आणि टीका पूर्ण चुकीची असेल, तर तसं सांगायला घाबरू नका. आवाज न चढवता, कागद समोर ठेवून, एकदाच. ऐकून घेणं म्हणजे सगळं कबूल करणं नव्हे.

निर्णय न आवडल्याची टीका

ही वेगळी जात आहे. इथे तुमचं काही राहून गेलेलं नसतं. तुम्ही निर्णय घेतलाय आणि तो कुणाला तरी नकोय.

पुण्यात याची परीक्षा दरवर्षी गणपतीत होते. सपोर्टची दहा जणांची टीम, आणि सगळ्यांना रजा हवी. कुणाचा गणपती कोकणातल्या घरी, कुणी मंडळाचा कार्यकर्ता, कुणाच्या घरी गौरी, आणि अनंत चतुर्दशीला तर रस्तेच बंद. चार जण डेस्कवर हवेतच. कुणालाही नाही म्हणा, ‘पक्षपाती’ हा शिक्का ठरलेला.

इथे मन खंबीर करण्यापेक्षा पद्धत खंबीर करावी. महिनाभर आधी नियम सांगा: गेल्या वर्षी कोण थांबलं होतं त्यांना यंदा पहिली पसंती, घरी प्रतिष्ठापना असणाऱ्यांना पहिला दिवस, विसर्जनासाठी आळीपाळी. यादी सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. तुमचं स्वतःचं नावही त्याच यादीत, त्याच नियमाने. मनासारखं झालं नाही तरी कसं ठरलं ते दिसलं, आणि आपलं म्हणणं कुणीतरी ऐकलं, तर माणसं निर्णय बऱ्याच अंशी स्वीकारतात. तरीही एखादा दोन दिवस बोलणार नाही. त्याला तेवढी मुभा द्या, मागे लागून मनधरणी करू नका.

गोपाळ गणेश आगरकरांची ते जिवंत असताना याच शहरात विरोधकांनी प्रेतयात्रा काढली होती. १८८८ मध्ये सुरू केलेलं ‘सुधारक’ हे साप्ताहिक त्यांनी त्यापायी बंद केलं नाही, आणि १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यही झाले. आपल्या रजेच्या यादीची त्याच्याशी तुलना नाही. पण ज्याला आपली कारणं स्वच्छ माहीत असतात त्याला विरोध सोसायचं बळ मिळतं, हे मात्र मी आगरकरांकडूनच घेतलं आहे. म्हणून अवघड निर्णय घेताना कारणं वहीत लिहा. टीकेच्या दिवशी ती वाचायला उपयोगी पडतात. वाचताना कारण पोकळ वाटलं, तर निर्णय बदलायलाही हरकत नाही.

निनावी सर्व्हे

वर्षातून एकदा तो येतो आणि त्यात एखादं वाक्य आपल्याला रात्रभर जागं ठेवतं. आठ जणांच्या टीममध्ये शब्दांवरून माणूस ओळखता येतो असं वाटतं. ओळखू नका. अंदाज बांधलात तर पुढच्या वर्षी सर्व्हेत सगळं गोड येईल आणि माणसं राजीनामा देताना खरं सांगतील. एक वाक्य एकदाच आलं असेल तर टिपून ठेवा, तीन जणांनी तेच लिहिलं असेल तर त्यावर काम करा. टीमला एकत्र बसवून सांगा की यातलं हे मी बदलणार, हे माझ्या हातात नाही, आणि हे मी बदलणार नाही, कारण अमुक.

घरी जाताना

हिंजवडीहून कोथरूडला किंवा सिंहगड रोडला पोहोचेपर्यंत ते वाक्य गाडीत शंभरदा वाजतं. मित्राला फोन लावून तेच पुन्हा उगाळलं तर तात्पुरतं बरं वाटतं, पण राग ताजा राहतो. बोला जरूर, एका विश्वासू माणसाशी, आणि बोलणं ‘त्याने असं केलं’वरून ‘आता मी काय करू’वर न्या. सकाळी वेताळ टेकडी किंवा तळजाईला जात असाल तर उत्तम, फक्त टेकडीवर ऑफिसचा विषय काढायचा नाही असं बरोबरच्यांना सांगून ठेवा. घरच्यांना एवढं तरी सांगावं, की ‘आज कामात बोलणी बसलीत, अर्धा तास गप्प बसतो.’ नाहीतर बायको-मुलांना वाटतं, आपलंच काही चुकलं.

लिहिण्याचा उपाय अनेकांना लागू पडतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल मोकळेपणाने लिहिलं. लिहिल्यावर लगेच त्यांना जास्त उदास वाटलं होतं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणून पहिल्या रात्री जड वाटलं तर वही फेकू नका.

ही टीका नाही

काही गोष्टींना टीका म्हणून सोसायचं नसतं. शिवीगाळ, जातीवरून बोलणं, बाईमाणसाला उद्देशून अश्लील शेरे, अंगचटीला येणं, रोज सगळ्यांसमोर मुद्दाम पाणउतारा करणं. यात ऐकून घेण्यासारखं काही नाही. तारीख, वेळ, शब्द आणि तिथे हजर असलेल्यांची नोंद ठेवा, मेल-मेसेज जपून ठेवा आणि एचआरकडे लेखी द्या. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकायला २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे, आणि तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. लीड म्हणून हे तुमच्या टीमलाही माहीत असायला हवं.

दोन आठवडे झोप नीट नाही, जेवण जात नाही, सकाळी कामावर जायच्या विचाराने पोटात गोळा येतो, असं होत असेल तर ते वहीने सुटणारं नाही. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. मोठ्या कंपन्यांत समुपदेशकाची सोय असते, तीही विचारून घ्या. जगणंच नको वाटत असेल तर उद्याची वाट बघू नका, आत्ताच फोन करा आणि घरातल्या कुणाला तरी जवळ बसवा.

शेवटची पायरी: पुन्हा विचारा

ही सगळ्यात जास्त राहून जाते. टीका ऐकली, वहीत उतरवली, एक गोष्ट बदलली, आणि विषय संपला असं आपण धरतो. ज्याने टीका केली त्याला मात्र काहीच कळलेलं नसतं.

तीन आठवड्यांनी परत जा. चाकणच्या त्या काकांकडे चार जणांसमोर नको, शिफ्ट बदलताना, ते डबा आवरत असताना. ‘काका, तुम्ही केबिनबद्दल बोलला होतात. आता रोज सकाळी लाइनवर येतोय आणि टूलचं काम झालं. अजून काही अडतंय का?’ काका कदाचित नुसती मान हलवतील. कदाचित म्हणतील, ‘येता खरे, पण पाच मिनिटंच थांबता. रात्रपाळीच्या पोरांचं कोण बघणार?’ थँक्यू म्हणा, आणि त्या आठवड्यात एकदा रात्रपाळीला जाऊन या.